हरलेल्याला कसला टॅक्स? उद्यमबागेतल्या एका रिटर्नचं प्रकरण

२०२५ ची दिवाळी आठवड्यावर आली होती. संध्याकाळी सातच्या सुमाराला बेळगावात, टिळकवाडीतल्या माझ्या करसल्ल्याच्या ऑफिसात एक जोडपं आलं. गृहस्थ उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर, वय चाळिशीच्या आसपास, राहायला अनगोळला. त्यांच्या हातात शर्टाचा पुठ्ठ्याचा डबा होता, वर रबर बँड लावलेला. रबराखाली एक छापील कागद खोचला होता. आयकर खात्याची कलम १३९(९) खालची नोटीस: तुमचं विवरणपत्र सदोष आहे, पंधरा दिवसांत दुरुस्त करा. त्यातले सहा दिवस आधीच गेले होते. ईमेल इंग्रजीत, म्हणून कसली तरी जाहिरात असेल असं समजून त्यांनी तो उघडलाच नव्हता.

खुर्चीत टेकायच्या आधीच ते म्हणाले, "सर, हरलो की वो मी. वर्षभर हरलोय. हरलेल्याला कसला टॅक्स?"

जुगारात पैसे घालवलेले चार-पाच जण दरवर्षी मला हा प्रश्न विचारतात. बहुतेक जण फोनवर, दबक्या आवाजात. बायकोला सोबत घेऊन, डबा घेऊन आलेले हे पहिलेच. म्हणून हे प्रकरण त्यांच्या परवानगीने सविस्तर लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि आकडे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून पूर्णांकात आणलेत.

आधीचं रिटर्न

आर्थिक वर्ष २०२४-२५. पगार ६,६५,००० रुपये. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की राहतात ५,९०,०००. त्या वर्षी एकूण उत्पन्न ७ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ अ ची सूट मिळून कर शून्य व्हायचा. म्हणून कंपनीने पगारातून एक रुपयाही कापला नव्हता. एलआयसीचा हप्ता सोडला तर बचत काही नव्हती, तेव्हा जुन्या प्रणालीत जाण्यात अर्थ नव्हता. हे सगळं बरोबर होतं.

गडबड पुढे झाली. ऑगस्टमध्ये त्यांनी घराजवळच्या एका सेवा केंद्रात रिटर्न भरलं. पोरगा कामसू होता, पण त्याला फक्त आयटीआर-१ हा साध्या पगारदारांचा फॉर्म माहीत. पोर्टलवर आधीच भरून आलेल्या माहितीत टीडीएसच्या, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेल्या कराच्या, रकान्यात ६९,००० दिसत होते. त्याने उत्पन्नात फक्त पगार दाखवला, कर शून्य आला, आणि ६९,००० चा परतावा मागितला. "काका, एकोणसत्तर हजार येतील तुम्हाला," असं सांगून तीनशे रुपये घेतले.

हे एकोणसत्तर हजार गणपतीच्या आधीच घरात खर्चाला लागले होते, म्हणजे मनातल्या मनात. पतसंस्थेत ठेवलेलं वहिनींचं सोनं त्यातून सोडवायचं ठरलं होतं.

संगणकाने पकडलं ते अगदी साधं होतं. तुमच्या नावावर कापलेल्या कराचं श्रेय तुम्ही मागताय, पण ज्या रकमेवर तो कापला ती रक्कम तुमच्या उत्पन्नात कुठेच नाही. शिवाय लॉटरी किंवा जुगाराची कमाई असलेल्या माणसाला आयटीआर-१ चालतच नाही. आयटीआर-२ भरून 'इतर उत्पन्न' या परिशिष्टात ती वेगळी दाखवावी लागते.

डबा

रबर काढून डबा टेबलावर उपडा केला. तिकिटं, चिठ्ठ्या, मोबाईलवरून काढलेले बँकेचे उतारे, एक फॉर्म १६ ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला. आणि कॅसिनोच्या कॅश काउंटरच्या पावत्यांची जुडी. या पावत्या थर्मल कागदाच्या. वर्षभर स्कूटरच्या डिकीत उन्हात तापलेल्या, त्यामुळे निम्म्यांवरची अक्षरं उडून गेली होती. काहींवर नुसती तारीख उरली होती, काही अगदी कोऱ्या. ट्यूबलाइटखाली तिरक्या धरून, मोबाईलवर फोटो मोठा करून जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं. असला कागद हातात आला की त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढावी. हे मी एरवी व्यापाऱ्यांना सांगतो, त्या दिवशी एका खेळणाऱ्याला सांगितलं.

तारखा जुळेनात तेव्हा वहिनींनी पिशवीतून एक गुंडाळी काढली. स्वयंपाकघरातलं २०२४ चं कॅलेंडर. दुधाच्या हिशोबाच्या चौकटींत काही तारखांवर निळ्या पेनाचे ठिपके होते. "हे रात्रपाळीला गेले की मी ठिपका द्यायची. सकाळचा डबा करायला नको म्हणून." पगाराच्या चिठ्ठीवर रात्रपाळ्यांचा भत्ता होता, तो या ठिपक्यांपेक्षा कमी भरत होता. जादाचे ठिपके पंधरा. त्या पंधरा रात्री ते जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करून पणजीला गेले होते आणि पहाटे परत येऊन तसेच कामावर गेले होते.

त्या क्षणी ऑफिसात कोणी काही बोललं नाही. मी चहा सांगितला.

तीन राज्यं, एक पॅन

आमच्या सीमाभागातली गंमत नव्हे, वस्तुस्थिती अशी की जुगाराच्या बाबतीत इथला माणूस तीन कायद्यांच्या तिठ्यावर उभा असतो. कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी बंद केली. पण बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघालं की शिनोळीला महाराष्ट्र लागतो, तिकडे निपाणीच्या पुढे कागल. तिथे महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट उघड मिळतं. घाट उतरलं की गोवा, जिथे १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या होऊन आधी स्लॉट मशिनं आणि मग मांडवीतल्या बोटींवरचे टेबलावरचे खेळ कायदेशीर झाले. आणि मोबाईल तर घरातच. कर्नाटकाने २०२१ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली होती, ती उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ ला रद्द केली. त्यामुळे २०२४-२५ मध्ये हे गृहस्थ फोनवर रमी खेळत होते ते राजरोस.

पैसा कुठल्याही राज्यात जिंका, आयकर केंद्राचा. तो पॅन नंबरवर येऊन बसतो. पक्षकाराचा समज असा होता की गोव्यात कापलेला कर तो गोव्याचा, तिकडचा तिकडे मिटला. नाही. पणजीत कापलेले पैसे त्यांच्या २६ एएस मध्ये, म्हणजे पॅनवर जमा कराच्या उताऱ्यात, अनगोळच्या पत्त्यावर दिसत होते.

डब्यातून जे निघालं ते असं. ऑक्टोबर २०२४ मधल्या एका रात्री त्यांनी २०,००० च्या चिप्स घेतल्या आणि उठताना २,००,००० च्या परत केल्या. जिंकले १,८०,०००. कॅसिनोने कलम १९४ बी खाली ३०% म्हणजे ५४,००० कापले आणि तसा फॉर्म १६ ए दिला. बाकीच्या चौदा रात्रींत मिळून ३,१०,००० हरले. मी तीनदा विचारलं, दुसऱ्या कुठल्या रात्री जिंकून उठलात का? कर कापला नसला तरी सांगा. नाही म्हणाले, आणि पावत्या, एटीएमची रक्कम, यूपीआयचे व्यवहार सगळं त्याच बाजूने बोलत होतं. महाराष्ट्र लॉटरीत वर्षभरात साधारण ४,००० ची तिकिटं घेतली, एकदा ७,००० लागले. रमीच्या ॲपवर काय झालं ते पुढे सांगतो, कारण तिथला हिशोब वेगळाच आहे.

वहिनींनी कागदावर बेरीज-वजाबाकी माझ्याआधी केली होती. "म्हणजे लाख-सव्वा लाख गेलेच आहेत. मग हे हरलेत ते रिटर्नमध्ये कुठं लिहायचं सर?"

कुठंच नाही, वहिनी.

कलम ११५ बीबी सांगतं की लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्त्यांचे आणि इतर खेळ, जुगार, पैज यांतून जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३०% कर, वर ४% उपकर. म्हणजे ३१.२%. पगाराला त्या वर्षी जी पहिल्या ३ लाखांची मोकळीक होती ती या पैशाला नाही. घरी बसून असलेल्या, दुसरं काहीच उत्पन्न नसलेल्या माणसाला लॉटरी लागली तरी पहिल्या रुपयापासून ३०%. आणि कलम ५८(४) म्हणतं की या उत्पन्नाच्या संदर्भात कुठलाही खर्च वजा मिळणार नाही. लागलेल्या तिकिटाची किंमतसुद्धा नाही. घाटातलं पेट्रोल नाही. खेळायला घेतलेल्या सोनेतारण कर्जाचं व्याजही नाही. चौदा रात्रींची हार पंधराव्या रात्रीच्या जिंकण्यातून वजा होत नाही, पगारातून होत नाही, पुढच्या वर्षी ओढता येत नाही.

लॉटरीच्या ७,००० वर कर कापला गेला नव्हता, कारण टीडीएससाठी १०,००० ची मर्यादा आहे. (२०२४-२५ मध्ये ती वर्षभराच्या एकूण रकमेला होती, १ एप्रिल २०२५ पासून एकेका व्यवहाराला आहे.) या मर्यादेने फार घोळ घातलाय. लोकांना वाटतं, दहा हजारांच्या आतलं माफ. माफ नाही. देणाऱ्याने कापायचं नाही, एवढंच. मिळालेले सात हजार रिटर्नमध्ये दाखवायचे आणि त्यावर ३१.२% स्वतः भरायचा.

ॲपचा हिशोब

आता थोडी बरी बातमी, आणि या प्रकरणातला सगळ्यात नीट वाचावा असा भाग.

१ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांना वेगळी कलमं आली: कराला ११५ बीबीजे, टीडीएसला १९४ बीए. दर तोच, ३०%. टीडीएसला दहा हजारांची मर्यादा नाही. पण कर 'निव्वळ' जिंकण्यावर आहे, आणि निव्वळ म्हणजे काय ते आयकर नियम १३३ ने सूत्र घालून सांगितलंय. वर्षभरात खात्यातून काढलेली रक्कम अधिक ३१ मार्चची शिल्लक, त्यातून वजा वर्षभरात स्वतःच्या खिशातून भरलेली रक्कम आणि १ एप्रिलची शिल्लक. म्हणजे ॲपवर हरलेले पैसे त्याच वर्षात, त्याच खात्यापुरते, आपोआप हिशोबात येतात. उत्तर उणे आलं तर ते शून्य धरायचं. उणे पुढे नेता येत नाही.

या गृहस्थांनी एप्रिल ते ऑक्टोबर २०,००० भरले होते. नोव्हेंबरमध्ये हात चांगला चालला आणि त्यांनी ७०,००० काढले. त्या घटकेला निव्वळ जिंकणं ५०,०००, त्यावर कंपनीने १५,००० कापले आणि बँकेत ५५,००० आले. मग डिसेंबर ते मार्च ४५,००० पुन्हा भरले आणि सगळे घालवले. ३१ मार्चला खातं रिकामं, वर्षाच्या सुरुवातीलाही रिकामंच होतं.

त्यांचा स्वतःचा हिशोब होता: बँकेत आले ५५,०००, बँकेतून गेले ६५,०००, म्हणजे दहा हजार हरलो. इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. काढलेली रक्कम ७०,००० धरायची, ५५,००० नाही, कारण कापलेले १५,००० तुमचेच आहेत, फक्त सरकारकडे जमा आहेत. सत्तरातून पासष्ट गेले, निव्वळ जिंकणं ५,०००. त्यावर कर उपकरासह १,५६०. कापलेत १५,०००. म्हणजे नुसत्या ॲपपुरतं पाहिलं तर १३,४४० त्यांच्या बाजूने जमा. नोव्हेंबरमध्ये कंपनीने कापलं ते चूक नव्हतं. त्या दिवशीचा हिशोब तसाच होता. पण वर्षाचा हिशोब वर्षाअखेरीला होतो आणि तो मांडायचं काम रिटर्न भरणाऱ्याचं. कंपनी मार्चमध्ये आधी कापलेला कर परत देत नाही.

ॲपवरून वर्षाचं विवरण उतरवून घेतलं होतं का? नव्हतं. सुदैवाने कंपनीला ईमेल टाकल्यावर दोन दिवसांत आलं. ते आलं नसतं तर बँकेच्या उताऱ्यातल्या एकेका ओळीवरून सूत्र भरावं लागलं असतं.

झोपलेला कर

आकडे आयटीआर-२ मध्ये घातले आणि जे दिसलं ते मलाही पहिल्यांदा बोचलं. जिंकलेली रक्कम एकूण १,९२,०००: कॅसिनोचे १,८०,०००, लॉटरीचे ७,०००, ॲपचे ५,०००. पगाराचे ५,९०,००० मिळवले की एकूण उत्पन्न ७,८२,०००. सात लाखांची रेघ ओलांडली. त्यामुळे ८७ अ ची सूट गेली, आणि ती गेली म्हणजे पगारावरचा जो कर शून्य होत होता तोही देय झाला. ३ लाखांच्या वरच्या २,९०,००० वर ५%, म्हणजे १४,५००. रेघेच्या अगदी जवळ असलेल्यांना जो दिलासा मिळतो तोही इथे लागू नव्हता, कारण ८२,००० ने पुढे गेले होते आणि कर त्याहून कमी होता.

पगारावर १४,५००, जिंकण्यावर ५७,६००, बेरीज ७२,१००. उपकर २,८८४. एकूण ७४,९८४. कापलेले ६९,००० वजा जाता ५,९८४, दहाच्या पटीत आणून भरायचे ५,९८०. बाकी दहा हजारांच्या आत असल्याने आगाऊ कराचं व्याज लागलं नाही, आणि मूळ रिटर्न मुदतीत भरलेलं होतं म्हणून विलंबशुल्कही नाही.

मी हा आकडा स्क्रीनवर दाखवला तेव्हा गृहस्थ बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. एकोणसत्तर हजार येणार म्हणून घरात बेत ठरलेले, आणि आता वरून सहा हजार द्यायचे. खेळात प्रत्यक्ष १,२२,००० गेलेले, त्यावर कर ७४,९८४. ज्या वर्षी ते पत्त्यांना शिवले नसते त्या वर्षी त्यांचा कर शून्य होता.

मेहुण्याचा सल्ला

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, या वेळी वहिनींच्या भावाला घेऊन. त्याचा बांधकामाचा धंदा. त्याच्या दोन सूचना होत्या. पहिली: भाऊजींना 'व्यावसायिक खेळाडू' दाखवा, आयटीआर-३ भरा, हार धंद्याचा तोटा म्हणून टाका. हे जमत नाही. कलम ११५ बीबी उत्पन्न कुठल्या शीर्षकात बसतं ते विचारत नाही. जुगारातलं जिंकणं म्हटलं की ३०% आणि वजावट नाही. शिवाय फौंड्रीत रोज आठ तास उभा राहणारा माणूस मी व्यावसायिक जुगारी कसा दाखवू?

दुसरी सूचना जास्त घातक होती. त्याच्याकडे चार लाखांची रोकड पडून होती. ती भाऊजींनी कॅसिनोत जिंकली असं दाखवून ३१% भरून पांढरी करता येईल का? मी सरळ नाही म्हटलं, आणि त्याला बेंगळुरूमधलंच एक जुनं प्रकरण सांगितलं. सुमती दयाल विरुद्ध आयकर आयुक्त, सर्वोच्च न्यायालय, १९९५. बाईंनी बेंगळुरू, मद्रास आणि हैदराबादच्या घोड्यांच्या शर्यतींत मोठमोठे जॅकपॉट लागल्याचं दाखवलं होतं. तिकिटं, क्लबची प्रमाणपत्रं, सगळं होतं. तरी न्यायालयाने मान्य केलं नाही. माणसाच्या जगण्यात जे संभवतं त्या मापाने बघितलं, तर शर्यतींचं फारसं ज्ञान नसलेल्या व्यक्तीला इतक्या थोड्या काळात इतके जॅकपॉट लागणं पटण्यासारखं नाही. जिंकलेली तिकिटं मागाहून विकत घेतलेली असावीत, असा निष्कर्ष कायम झाला. त्यात एक गोष्ट बाईंच्या विरोधात गेली, तीच मला या डब्याशी जोडायची आहे: त्यांच्या खात्यात जिंकलेल्या रकमा जमा होत्या, पण तिकिटांचा खर्च आणि हरलेले पैसे कुठेच नावे पडलेले नव्हते. नुसतं जिंकणारा खेळाडू न्यायालयाला खरा वाटला नाही.

अशी रोकड पकडली गेली आणि तिचा स्रोत सांगता आला नाही तर त्या वर्षीच्या कलम ११५ बीबीईच्या दराने ६०% कर, त्यावर २५% अधिभार आणि उपकर, मिळून ७८%. मेहुणा गप्प बसला. चहा मात्र पूर्ण पिऊन गेला.

म्हणूनच कराला उपयोग नसतानाही मी चौदा रात्रींच्या हारीची यादी पूर्ण करून घेतली. कॅलेंडरवरचे ठिपके, उडालेल्या पावत्यांचे फोटो, पणजीतल्या एटीएमच्या नोंदी, सोनेतारणाची पावती, सगळं तारखेवार लावून एका फाइलमध्ये. उद्या कोणी विचारलं की पगार एवढा, मग कॅसिनोच्या काउंटरवर एवढी रक्कम कुठून गेली, तर उत्तर त्या फाइलमध्ये आहे. आणि ऑक्टोबरची १,८०,००० ची रात्र खरी होती याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे बाकीच्या चौदा रात्री. त्या यादीवर दोघांनीही सह्या केल्या. तशी गरज नव्हती, पण वहिनींना करायची होती.

मला काय वाटतं

१९७२ पर्यंत लॉटरीचं बक्षीस हा अवचित लाभ म्हणून करातून सुटत असे. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने ते उत्पन्नाच्या व्याख्येत आलं. ११५ बीबी आलं १९८६ च्या वित्त कायद्याने, तेव्हा दर ४०% होता, पुढे ३०% झाला. जुगाराला सरकारने उत्तेजन देऊ नये, तोटा वजा देऊन खेळणाऱ्याच्या पाठीशी उभं राहू नये, हे मला पटतं. पण याच कायद्यात शर्यतीचा घोडा बाळगणाऱ्या मालकाला त्याच्या देखभालीचा खर्च वजा मिळतो, आणि तोटा झाला तर कलम ७४ अ खाली चार वर्षं पुढे नेऊन त्याच उत्पन्नातून वळता करता येतो. वायदेबाजारात हरलेल्याला आठ वर्षं मिळतात. मोबाईलवर रमी खेळणाऱ्याला निदान एका वर्षाचा, एका खात्याचा हिशोब मिळतो. शिनोळीच्या टपरीवर तिकीट घेणाऱ्याला त्या लागलेल्या तिकिटाची किंमतही मिळत नाही. ही उतरंड मला न्याय्य वाटत नाही. लागलेल्या तिकिटाची किंमत आणि त्याच वर्षात त्याच कॅसिनोत हरलेली रक्कम, एवढं तरी वजा मिळायला हवं. ऑनलाइन खेळाला सूत्र घालता आलं, तर जिथे प्रत्येक चिपची नोंद असते अशा काउंटरलाही घालता येईल.

आणि हे कोणी आधी सांगायला हवं होतं. कॅसिनोत पैसे मोजून देणाऱ्याने, फॉर्म १६ ए देणाऱ्याने, सेवा केंद्रातल्या पोराने. त्या फॉर्मवर मराठीत किंवा कन्नडमध्ये एक ओळ असती की ही रक्कम रिटर्नमध्ये दाखवा, आयटीआर-१ वापरू नका, तर हे दोघं माझ्याकडे आलेच नसते.

शेवट कसा झाला

नोटिशीच्या मुदतीत, तेराव्या दिवशी आयटीआर-२ भरून उत्तर दिलं. ५,९८० चं चलन त्याच दिवशी मोबाईलवरून भरलं. दुरुस्त केलं नसतं तर रिटर्न अवैध ठरलं असतं. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या ५०%, आणि जाणूनबुजून चुकीचं दाखवलं असं ठरलं तर २००%. जानेवारीत कलम १४३(१) ची सूचना आली: देय शून्य, परतावा शून्य.

२०२५-२६ चा हिशोब थोडा निराळा असेल. आता पूर्ण सूट १२ लाखांपर्यंत आहे, त्यामुळे त्यांच्या पगारावरचा कर पुन्हा जागा होणार नाही. पण ही सूट जिंकलेल्या पैशाला लागत नाही, हे आता कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. त्यावर पहिल्या रुपयापासून ३०% आहेच. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणाऱ्या केंद्राच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि रमीचं ते ॲप पैशांसाठी बंद झालं. तरी एप्रिल ते ऑगस्टचं विवरण लागणारच, ते मी आत्ताच उतरवून घेतलंय. १ एप्रिल २०२६ पासूनच्या हिशोबाला आयकर कायदा २०२५ लागू, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. ज्यांनी जुने आकडे पाठ केलेत त्यांना थोडा त्रास होईल.

सोनेतारणाची मुदत पतसंस्थेने वाढवून दिली. संक्रांतीला वहिनी तिळगूळ घेऊन ऑफिसात आल्या तेव्हा नवं कॅलेंडर सोबत होतं. दुधाच्या चौकटींखाली त्यांनी एक रकाना आखून घेतलाय, त्यात गृहस्थ रोज पाळी स्वतः लिहितात आणि सही करतात. डबा आता माझ्या कपाटात आहे, २०२४-२५ ची चिठ्ठी लावून. तो सांभाळून ठेवायचाय.